आजचं चिंतन : ‘वडील’ या शब्दाचं ओझं



आज आपण गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या एकविसाव्या श्लोकापाशी आलोय. अर्थ बहुतेकांना माहीत आहे. समाज ज्याला श्रेष्ठ मानतो तो जसा वागतो, तसंच बाकीचे वागतात. त्याने जे योग्य ठरवलं, लोक त्याच्याच मागे जातात.

अर्जुनाला हे सांगायची गरज का पडली? त्याला वाटत होतं की लढायचं की निघून जायचं हा त्याचा एकट्याचा प्रश्न आहे. भगवंत म्हणतात, एकट्याचं असं काही नसतं, तुझ्याकडे बघणारे डोळे आहेत. पुढच्या दोन श्लोकांत तर ते स्वतःचंच उदाहरण देतात. मला तिन्ही लोकांत काहीही मिळवायचं राहिलेलं नाही, तरी मी कर्म करतो, कारण मी थांबलो तर लोकही थांबतील. साक्षात देवालासुद्धा ‘लोक बघतायत’ याचं भान सुटलेलं नाही.

आता खरं सांगा, हा श्लोक वाचताना आपण मनातल्या मनात एक पळवाट काढतो की नाही? श्रेष्ठ म्हणजे नेता, गुरू, सेलिब्रिटी, कंपनीचा मालक. मी कुठे श्रेष्ठ? मी सकाळची लोकल पकडणारी साधी नोकरदार. म्हणजे हा श्लोक माझ्यासाठी नाही, पुढचा घ्या.

ज्ञानेश्वर माऊलींनी ही पळवाट एका शब्दात बंद केली. या श्लोकावरची ज्ञानेश्वरीतली ओवी काढून बघा. तिथे त्यांनी शब्द घेतलाय ‘वडील’.

जुन्या मराठीत वडील म्हणजे फक्त बाबा नव्हे. वडील म्हणजे मोठा, वयाने थोरला. श्रेष्ठ व्हायला काहीतरी कर्तृत्व लागतं. वडील व्हायला काहीच लागत नाही, आपल्यापेक्षा लहान कोणीतरी शेजारी असलं की झालो आपण वडील. दहा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या भावासाठी वडील, थर्ड इयरचा मुलगा फर्स्ट इयरवाल्यासाठी वडील. कोणी सुटत नाही.

दुसरी गोष्ट आणखी धारदार आहे. वडिलांचं बघून लहान मुलं नक्कल करतात, एवढंच माऊली सांगत नाहीत. वडील जे करतात त्यालाच बाकीचे ‘धर्म’ असं नाव देतात, असं त्यांचं म्हणणं आहे. नक्कल करणाऱ्याला कधीतरी कळतं की आपण नक्कल करतोय. पण ज्याला आपण धर्म समजलो, त्याबद्दल शंकासुद्धा येत नाही.

हे लिहिणारा कोण होता, ते बघा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. परंपरेने दिलेलं जन्मवर्ष धरलं तर माऊलींचं वय तेव्हा पंधराच्या आसपास. आजच्या हिशोबाने दहावीतला मुलगा. आणि ‘वडील’ माणसं काय करू शकतात, हे या मुलाने स्वतःच्या अंगावर झेललेलं होतं.

गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण आज ती बुलिंगची गोष्ट म्हणून वाचूया. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले. आळंदीच्या धर्ममार्तंडांनी घर वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई, चारही मुलांना ‘संन्याशाची पोरं’ हे नाव चिकटलं. मुलांची मुंज व्हावी म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं परंपरा सांगते. तरी मुलांचा छळ थांबला नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणपर्यंत जावं लागलं.

मांड्यांची गोष्ट त्यातलीच. मुक्ताई मांडे भाजायला खापर आणायला कुंभाराकडे गेली, तर विसोबा चाटी नावाच्या गृहस्थाने आधीच बजावून ठेवलेलं, या मुलांना कोणी भांडं द्यायचं नाही. लहानशी मुलगी रडत, रिकाम्या हाताने घरी आली. पुढे ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, हा चमत्कार आपण कीर्तनात डोळे मिटून ऐकतो. चमत्काराच्या आधीचा प्रसंग मात्र चमत्कार नाहीये. तो रोजचा आहे. एक प्रतिष्ठित, मोठा माणूस, चारचौघांवर त्याचा वचक आणि त्याच्या एका शब्दावर लहान मुलीसाठी बंद झालेलं दुकान. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. फक्त सगळ्यांना सांगितलं, यांना घ्यायचं नाही.

त्या आळंदीतही मुलं खेळत असतील ना? या चौघांना बघून ती काय करत असतील? त्यांच्या घरात जे बोललं जात होतं, तेच. आणि त्यांना आपण काही वाईट करतोय असं वाटतही नसेल. वडील करतात तोच धर्म! पंधरा वर्षांच्या मुलाने ती ओवी कुठल्या अनुभवातून लिहिली असेल, याचा विचार केला की ती मला साधी टीका वाटत नाही, साक्ष वाटते.

आता आळंदीहून आपल्याकडे या. शीळफाट्याजवळच्या एका मोठ्या संकुलात मी शनिवारी संध्याकाळी मुलांचा हरिपाठ घेते. क्लब हाऊसमध्ये चौदा-पंधरा मुलं येतात, सात ते बारा वयाची. मध्यंतरी एका काकूंनी त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाला पाठवलं. सात वर्षांचा, आवाज इतका गोड की पहिल्याच दिवशी सगळ्यांनी वळून बघितलं. क्लास संपल्यावर प्रसाद काकूंच्या घरी होता, बाराव्या मजल्यावर. सगळी मुलं लिफ्टकडे धावली. तोही धावला. तेव्हा एका नऊ वर्षांच्या मुलाने त्याला हाताने अडवलं. “तू ह्या लिफ्टने नाही यायचं. तुमची लिफ्ट तिकडे आहे.”

मी विचारलं, “असं कोण म्हणालं?” तो म्हणाला, “रूल आहे ताई. बोर्ड लावलाय ना.”

बोर्ड खरंच होता. कामवाल्या बायका आणि डिलिव्हरी बॉय यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. खाली, आदेशावरून.

त्या मुलाच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. तो चिडवत नव्हता, ढकलत नव्हता. सिग्नल लाल असला की थांबायचं, हे जसं सांगावं तसं तो सांगत होता. आमच्या संकुलाचा धर्म सांगत होता! ज्याला अडवलं तो काही बोलला नाही, मुकाट्याने मागे सरला. त्यालाही तो धर्म पाठ होता.

दोन्ही मुलांना हे शिकवलं कोणी? कोणीच शिकवलं नाही. कोणत्याही घरात आईबाबांनी जवळ बसवून सांगितलं नसेल की बाळा, गरिबाच्या मुलाला लिफ्टमध्ये घेऊ नकोस. उलट शाळेच्या डायरीत ‘बी काइंड’ लिहिलेलं असतं, भिंतीवर स्टिकर असतात. पण मुलं स्टिकर वाचत नाहीत, ती माणसं वाचतात. वॉचमन काकांशी बाबा ‘अरे तुरे’ने बोलतात, ते वयाने आजोबांएवढे असले तरी. पार्सल दहा मिनिटं उशिरा आलं तर आई फोनवर कुठल्या सुरात बोलते. वहिनीचा फोन ठेवल्यावर घरात तिच्याबद्दल काय हसतात.

आणि आपला शीळफाटा तर रोजची शाळाच आहे. कल्याणचा रस्ता, मुंब्रा-पनवेलचा रस्ता आणि महापेचा रस्ता, सगळे येऊन एकमेकांत अडकतात. त्या ट्रॅफिकमध्ये काच खाली करून रिक्षावाल्याच्या आईबहिणीचा उद्धार होतो, आणि मागच्या सीटवर युनिफॉर्ममधलं मूल शांतपणे बघत असतं. गाडी मोठी असेल तर छोट्या गाडीवाल्यावर ओरडायचं आणि आपल्यापेक्षा मोठी गाडी आली की गप्प बसायचं. ताकदीचं गणित मुलांना इतक्या सोप्या उदाहरणाने कुठलीच शाळा शिकवत नसेल. उद्या तेच मूल वर्गात आपल्यापेक्षा बारीक कोण आहे ते शोधतं, आणि शाळेतून तक्रार आली की आपण विचारतो, हा हे शिकला कुठे?

यावर प्रयोगसुद्धा झालाय. १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये आल्बर्ट बँड्युरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सरीतल्या ७२ मुलांना घेऊन तो केला. काही मुलांसमोर एक मोठं माणूस हवेच्या बाहुल्याला मारत होतं, हातोडीने बडवत होतं, काहीबाही ओरडत होतं. काहींसमोर मोठं माणूस शांतपणे खेळत बसलं होतं. मग मुलांना तसाच बाहुला दिला. मारणारं माणूस ज्यांनी पाहिलं होतं, त्यांच्यातल्या कितीतरी मुलांनी अगदी तसंच मारलं, तेच शब्द वापरले. त्यांना कोणी ‘मार’ म्हणालं नव्हतं. माऊलींची ओवी सिद्ध करायला प्रयोगशाळेची गरज नाही, पण प्रयोगशाळाही तिथेच येऊन पोचली.

आपल्या भाषेत बुलिंगला एक नेमका शब्द आहे, दादागिरी. जरा थांबून ऐका त्याला. दादा म्हणजे मोठा भाऊ. ज्याने पाठीशी उभं राहायचं, त्याच्याच नावावरून छळाला नाव पडलं. मोठेपण कुठल्या क्षणी सडतं, हे या शब्दात आहे. मोठेपण सांभाळायला दिलेलं असतं, आपण ते वापरायला काढतो.

ही साखळी कशी चालते, हे कॉलेजमध्ये गेलेल्यांना माहीत आहे. आमच्या सीनियर्सनी आमची घेतली, म्हणून आम्ही तुमची घेणार. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ज्ञानदेवांच्या आईवडिलांना वाळीत टाकलं, तो प्रकार गुन्हा ठरायला या भूमीत सातशेहून जास्त वर्षं लागली. कायदा हवाच. पण कायदा घटना घडल्यावर येतो. धर्म म्हणून जे मुलांच्या डोक्यात आधीच बसलंय, ते काढायला तिथे दुसरा धर्म दिसावा लागतो.

म्हणूनच माऊलींचं मोठेपण मला चमत्कारात दिसत नाही. ज्यांच्यावर एवढा अन्याय झाला, त्यांनी तो पुढे ढकलला नाही, ही खरी गोष्ट. पसायदानात ते दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असं मागतात. आळंदीतल्या त्या साखळीतली एक कडी या मुलापाशी येऊन तुटली. आणि तो विसोबा? मांडे भाजलेले पाहून तो शरण आला, पुढे विसोबा खेचर झाला आणि नामदेवांचा गुरू झाला, असं संतचरित्रं सांगतात. छळणाऱ्याचंही असं होऊ शकतं, यावर वारकरी संप्रदायाचा विश्वास आहे.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो तुम्ही विचारायलाच हवा. मग छळ होत असेल तर सहन करायचं का? संतांनी सहन केलं म्हणून?

याबाबत आपल्या भक्तमंडळींत एक घातक सवय आहे. कोणी रडत आलं की आपण म्हणतो, “तुझे भोग आहेत, नामस्मरण कर, क्षमा कर.” मला हे पटत नाही. क्षमा ही ज्याला जखम झाली त्याने, त्याच्या वेळेला द्यायची गोष्ट आहे. बाजूला उभ्या असलेल्याने ती त्याच्याकडून वसूल करायची नसते. बघणाऱ्याचं काम वेगळं आहे, मध्ये पडणं. विसोबाला हो म्हणणाऱ्या कुंभाराने त्या दिवशी एक खापर दिलं असतं, तर मुक्ताई रडत परतली नसती.

शिवाय ही चार मुलं गप्प बसलीच कुठे? ती चालत पैठणला गेली, सभेसमोर उभी राहिली, आपलं म्हणणं मांडलं. एकदा लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी, म्हणजे दार लावून आत बसले, तेव्हा सगळ्यांत धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहिली आणि तिने त्यांना बाहेर बोलावलं. ताटीचे अभंग ते हेच. तिने दादाला समजावलं, राग सोड म्हणाली, हे खरं. पण ती काय करत होती तेही बघा. दुखावलेल्या माणसाला तिने एकटं दाराआड सोडलं नाही. ती तिथेच उभी राहिली, दार उघडेपर्यंत. बुलिंग झालेलं मूल असंच दार लावून बसतं. जेवत नाही, शाळेला जायचं नाही म्हणतं, मोबाईल उलटा ठेवतं. त्याला आधी उपदेश नको असतो, दाराशी कोणीतरी हवं असतं. आणि गरज असेल तर शाळेत जाऊन बोलणारं, १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करणारंही कोणीतरी हवं असतं. तोही भक्तीचाच भाग आहे.

ज्या पैठणच्या सभेपुढे या मुलांना उभं राहावं लागलं, त्याच पैठणची, सुमारे तीनशे वर्षांनंतरची आणखी एक गोष्ट. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक मूल रडत होतं, ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत अशा घरातलं. बाकीचे सोवळं सांभाळत बाजूने गेले असतील. एकनाथ महाराजांनी त्याला उचललं, कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं. याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या पोथीचा शब्द न् शब्द त्यांनी तपासला, ‘वडील’ हा शब्दही त्यांच्या नजरेखालून गेला. मला वाटतं, पोथी शुद्ध करण्याचे दोन प्रकार असतात. एक कागदावर, एक वाळवंटात. पैठणच्या मुलांनी त्या दिवशी घाटावर जे पाहिलं असेल, ते शंभर प्रवचनांनी शिकवता आलं नसतं.

आमच्या लिफ्टचं पुढे काय झालं? कमिटीला पत्र दिलं. दोन मीटिंगमध्ये विषय निघाला. स्वच्छता, सिक्युरिटी, मेंटेनन्स आम्ही भरतो, सगळं ऐकून झालं. बोर्ड अजून तिथेच आहे. पुढच्या शनिवारी तो छोटा मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या शनिवारी आला, तो अडवणाऱ्या मुलाच्या आजीचा हात धरून. आजींना नातवाकडूनच कळलं होतं. त्या स्वतः खाली उतरल्या, पाण्याच्या टाकीजवळ आई बादली भरत होती तिथून त्याला घेतलं आणि त्याच मोठ्या लिफ्टमधून वर आल्या. कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. नातू बघत होता, इतर मुलंही बघत होती. त्यानंतर माझ्यासमोर तरी कोणी कोणाला लिफ्टमध्ये अडवलेलं नाही.

नियम बदलला नाही, पण त्या मुलांसाठी धर्म थोडा बदलला. वडील काय करतात ते त्यांना दिसलं.

मंडळी, आपल्यातले बरेचजण पंचविशी-तिशीतले आहेत. अजून स्वतःची मुलं नाहीत, म्हणून हा विषय आईबाबांचा वाटतो. तसं नाहीये. भाचा तुमचं इन्स्टा बघतो. मित्रांच्या ग्रुपवर कोणाच्या रंगावर, वजनावर, भाषेवर टाकलेलं मीम तुमचा धाकटा भाऊ तुमच्या खांद्यावरून वाचतो. टीममध्ये नवीन आलेली इंटर्न बघते की चूक झाली की तुम्ही मेल सगळ्यांना कॉपी करता की बाजूला घेऊन बोलता. दिंडीत पहिल्यांदा आलेला मुलगा चुकीच्या ठिकाणी टाळ वाजवतो, तेव्हा तुम्ही हसता की त्याच्या शेजारी जाऊन उभे राहता, हेही कोणीतरी बघत असतं. ते जे बघतील, त्याला ते उद्या धर्म म्हणतील. भक्ती म्हणजे अशीच असते, असंही म्हणतील. कपाळावर बुक्का असलेला माणूस वेटरवर खेकसला की मूल वेटरबद्दल एक गोष्ट शिकतं आणि विठ्ठलाबद्दलही एक गोष्ट शिकतं. दुसरीची जबाबदारी फार मोठी आहे.

आजचा संकल्प छोटासाच ठेवूया. आज दिवसभरात आपल्यापेक्षा कमी ताकदीच्या एका माणसाशी, वॉचमन असो, ज्युनिअर असो, धाकटं भावंड असो, असं बोलायचं की शेजारी उभ्या असलेल्या मुलाने ते उचललं तरी आपल्याला लाज वाटणार नाही. आणि कोणाचा छळ समोर दिसला, तर त्या कुंभारासारखं खाली बघायचं नाही.

माऊली, ज्या वयात तुम्हाला मोठ्यांनी दार बंद केलं, त्या वयात तुम्ही साऱ्या जगासाठी दार उघडलंत. आम्ही वयाने मोठे झालो आहोत. आमच्याकडे बघणाऱ्या लहानग्यांना आमच्यात तुमची थोडीशी तरी सावली दिसू दे.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक. राम कृष्ण हरी!